एन्हान्सर आणि भ्रूणपेशींचे भवितव्य

एन्हान्सर, म्हणजे वर्धक, हा डीएनएमधला बहुधा काहीशे अक्षरांचा तुकडा. कोणते जनुक कोणत्या पेशीत, केव्हा आणि किती चालावे, हे अशा तुकड्यांवरून ठरते. १९८१ साली एसव्ही-४० या विषाणूत तो प्रथम ओळखला गेला.

विदर्भातल्या खेड्यात खुडूक कोंबडी कुटार अंथरलेल्या टोपल्यात अंड्यांवर बसवतात. चार-पाच दिवसांनी अंडे बॅटरीच्या उजेडावर धरले की लाल शिरांचे जाळे दिसते. ज्यात दिसत नाही ते बाजूला निघते. पण पिल्लाच्या शरीराची मांडणी तोवर बरीच पुढे गेलेली असते. हृदयच दुसऱ्या दिवशी धडधडू लागते.

या काळात भ्रूणाच्या शेपटीकडच्या टोकाला काही पूर्वज पेशींपुढे दोन वाटा असतात: मज्जारज्जू व्हायचे, की त्याच्या शेजारचे मणके आणि स्नायू. सॉक्स-२ जनुक चालू राहिले तर पेशी मज्जारज्जूकडे जाते. कोंबडीच्याच भ्रूणात या जनुकाचे अनेक वर्धक सापडले; डोक्याकडे एन-२ काम करतो, धडाकडे एन-१. मोटर एक आणि स्टार्टर अनेक, असा हा प्रकार. स्टार्टर दूर धुऱ्यावर असला तरी चालते, फक्त इथे वायर नसते. डीएनएचा धागाच वळसा घेऊन वर्धकाला जनुकाजवळ आणतो.

एन-१ चालू होतो तो डब्ल्यूएनटी आणि एफजीएफ या संकेतांनी. स्नायूंच्या वाटेला लागलेल्या पेशींत टीबीएक्स-६ हे प्रथिन त्याला बंद पाडते. हे प्रथिनच नसलेल्या उंदराच्या भ्रूणात स्नायू-मणक्यांच्या जागी दोन्ही बाजूंना जास्तीच्या मज्जानलिका (मज्जारज्जू जिच्यातून घडतो ती नळी) तयार होतात, म्हणजे एकाऐवजी तीन! दोष एन-१ चालू राहण्याचाच, हे २०११ मध्ये सिद्ध झाले: अशा उंदरांतून तेवढाच वर्धक काढून टाकल्यावर जास्तीच्या नलिका झाल्या नाहीत. वर्धक म्हणजे नुसते जोर वाढवणारे बटण, ही समजूत म्हणूनच अपुरी. तो वेळेवर बंद होण्यालाही तितकेच मोल आहे.

पुढे अवयव घडतानाही हेच चालते. गावरान कोंबडीच्या पायाला सहसा चार बोटे, सिल्की जातीच्या कोंबडीला पाच. कारण सॉनिक हेजहॉग जनुकाच्या वर्धकातला एका अक्षराचा बदल. हा वर्धक जनुकापासून लाखो अक्षरे दूर, एका वेगळ्याच जनुकाच्या पोटात बसलेला आहे. माणसात याच वर्धकातल्या काही बदलांमुळे हाताला सहावे बोट येऊ शकते.