दोन इंचांची हौस आणि सस्पेन्शनचं गणित

महिंद्राची थार नाशिकमध्येच तयार होते म्हणून असेल, पण या शहरात उंच केलेल्या गाड्या जरा जास्तच दिसतात. मोठे टायर, टपावर लोखंडी कॅरिअर, पुढे अडकलेली गाडी ओढून काढणारा विंच आणि मालकाचं ठरलेलं वाक्य: ‘दोन इंच लिफ्ट केलीय.’ कशासाठी? ‘ऑफ-रोडिंगसाठी.’ या उत्तरात थोडं तथ्य आहे आणि बरीच हौस. हौसेला मोल नसतं हे खरं, पण सस्पेन्शनला असतं आणि ते चांगलंच खिसा कापणारं असतं. तेव्हा पैसे मोजण्याआधी ही यंत्रणा नेमकं काय करते ते समजून घेतलेलं बरं.

बसणाऱ्याला धक्के लागू नयेत म्हणून सस्पेन्शन असतं, असा सर्वसाधारण समज. ते काम ही यंत्रणा करतेच, पण दुय्यम म्हणून. तिचं पहिलं काम चाक जमिनीला टेकवून ठेवणं. दीड-दोन टनांची गाडी चार टायरांच्या जेमतेम वीतभर लांबीच्या पट्ट्यांवर उभी असते. ओढणं, वळणं, थांबणं, सगळं तिथूनच होतं. चाक हवेत गेलं की तेवढा वेळ ते बिनकामाचं. त्यामुळे कच्च्या रस्त्यासाठी सस्पेन्शन निवडताना ‘गाडी किती उंच होईल’ हा प्रश्न नंतरचा. ‘खालची जमीन वर-खाली होत असताना चारही चाकं तिला किती वेळ चिकटून राहतील’ हा आधीचा.

सुरुवात स्प्रिंगपासून करू. स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकने 1678 मध्ये प्रसिद्ध केला: जितका भार, तितकी ती दबणार. मग या नियमाला गाडीखाली घालून बघू. समजा मागच्या एका स्प्रिंगवर 400 किलो भार येतो आणि ती 1 मिलिमीटर दाबायला 3 किलो लागतात. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाच स्प्रिंग 133 मिलिमीटर दबलेली असणार. अशी गाडी हलवून सोडली तर ती आपल्या लयीत वर-खाली होते आणि ही लय फक्त दोन गोष्टींवर ठरते: स्प्रिंगचा कडकपणा आणि वरचं वजन. आपल्या उदाहरणात ती येते सेकंदाला साधारण 1.4 हेलकावे. प्रवासी गाड्यांत ही लय बहुधा 1 ते 1.5 च्या आसपास ठेवतात. आपण चालतो तेव्हा सेकंदाला दोनेक पावलं पडतात, त्यामुळे एवढी हालचाल शरीराच्या अंगवळणी पडलेली असते. सेकंदाला 4 ते 8 कंपनं मात्र बसलेल्या माणसाला सर्वांत जास्त जाणवतात. कडक गाडीतून उतरल्यावर कंबर धरून उभं राहावं लागतं ते त्यामुळे.

आता लिफ्ट किटमधली कडक स्प्रिंग बसवू. मिलिमीटरला 4.5 किलो. तेच 400 किलो आता तिला 89 मिलिमीटरच दाबतात, म्हणजे गाडी 44 मिलिमीटर वर आली. ‘लिफ्ट’ म्हणून जी उंची मिळते, तिच्यातला बराच भाग अनेकदा असा निव्वळ कडकपणातून आलेला असतो. लय चढते 1.7 वर. मागे दोन्ही बाजूंना मिळून 200 किलोंचं सामान कायम असेल, तर हीच स्प्रिंग 1.5 वर येते आणि छान चालते. पण सामान नसताना, आठवडाभर कॉलेज रोड ते अंबड एमआयडीसी एकट्याने जाणाऱ्याला ती प्रत्येक गतिरोधकावर जाब विचारते. खड्ड्यावरून गेलं की चाक खाली उतरण्याआधी गाडीच उसळते. म्हणजे ज्या कामासाठी पैसे घातले, नेमकं तेच बिघडलं.

हे ज्यांना कुणी शिकवलेलं नाही पण पक्कं ठाऊक आहे, ते म्हणजे पिकअपवाले. लासलगावला कांदा उतरवून रिकामी परतणारी पिकअप निफाडच्या रस्त्यावर कशी थडाथड उडत जाते ते बघावं. तिचे मागचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, टनभर मालाच्या हिशेबाने बांधलेले, आणि माल गेला की ते दबतच नाहीत. अशा गाड्यांत पाट्यांची दोन टप्प्यांची रचना असते. माल कमी असेल तोवर एका थराचे पाटे काम करतात, गाडी दबत गेली की जादा पाटे टेकून भार घ्यायला लागतात. ही युक्ती जुनी आणि झकास आहे. पाट्यांचा आणखी एक गुण असा की ते एकमेकांवर घासतात, त्यामुळे थोडी उसळी आपसूक मरते, आणि ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, जागेवर धरून ठेवायला वेगळे दांडे लागत नाहीत. पाटा तुटला तर तो तालुक्याच्या गावातही मिळतो. जुनी विलीज वळणाची जीप दशकानुदशकं याच भरवशावर चालली. तोटा इतकाच की ते घासणं लहान खडबडीवर चाकाला मोकळं हलू देत नाही. वेटोळ्यांच्या कॉइल स्प्रिंगमध्ये असं घर्षण जवळजवळ नसतंच, म्हणून ती बारीक खड्ड्यांवर मऊ वाटते.

स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि जशीच्या तशी परत करते, तिला ती संपवता येत नाही. संपवण्याचं काम शॉक ॲब्झॉर्बरचं, गॅरेजच्या भाषेत शॉकअपचं. आत तेल असतं, पिस्टनला बारीक भोकं आणि झडपा असतात. चाक हललं की तेल त्या भोकांतून जबरदस्तीने ढकललं जातं आणि हालचालीची उष्णता होते. माझ्या मते पैसे घालायची पहिली जागा ही, स्प्रिंग नव्हे. लोक मात्र नेमकी इथेच काटकसर करतात, कारण नवा शॉकअप बाहेरून फारसा काही दिसत नाही आणि उंची दिसते.

शॉकअप दाबताना कमी आणि उलगडताना जास्त विरोध करतो, मुद्दाम. दाबताना फार अडवलं तर दगडाचा धक्का थेट चासीला पोचेल. उलगडताना अडवलं नाही तर स्प्रिंग गाडीला वर भिरकावेल. पण उलगडणं फारच मंद केलं की वेगळीच पंचाईत होते. हरसूलकडच्या मुरमाच्या रस्त्यांवर पाऊस सरला की ठिकठिकाणी आडव्या लाटा उठतात, तिथे ती कळते. दोन लाटांमध्ये समजा 70 सेंटिमीटर अंतर आहे आणि गाडीचा वेग ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. चाकाला सेकंदाला 14 धक्के बसणार. पुढची लाट यायच्या आत चाक खाली उतरलं नाही, तर ते प्रत्येक धक्क्याला थोडं थोडं वरच अडकत जातं आणि शेवटी सस्पेन्शन पूर्ण दबून रबरी ठोकळ्यावर आपटायला लागतं. ‘कडक शॉकअप म्हणजे दणकट शॉकअप’ हा समज इथे उघडा पडतो.

याच लाटांवर शॉकअपचं तेल तापतं. स्वस्त, दोन नळ्यांच्या रचनेत तेल आणि वायू शेजारी-शेजारी असतात. सतत घुसळल्यामुळे तेलाला फेस येतो आणि फेस भोकातून सहज निसटतो, विरोध करत नाही. अर्ध्या तासापूर्वी ठीक असलेली गाडी अचानक तरंगायला लागते ती अशी. वायू भरलेल्या शॉकअपमध्ये नायट्रोजनचा दाब तेलाला फेसाळू देत नाही. एका नळीच्या रचनेत तर तेल आणि वायू यांच्यामध्ये सरकता पडदाच असतो आणि तेलाची उष्णता थेट बाहेरच्या नळीतून हवेत जाते. मात्र त्या नळीला दगड लागून पोचा आला की आतला पिस्टन अडकतो. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेरची नळी चिलखताचं काम करते. आपल्याकडच्या ओढ्यांतले बेसॉल्टचे गोटे पाहता हा मुद्दा किरकोळ नाही.

शॉकअप कामात आहे का, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. खराब रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं चालवून गाडी थांबवायची आणि चारही शॉकअपच्या जवळ हात नेऊन ऊब बघायची. लगेच हात लावू नये, चटका बसू शकतो. तीन तापलेले आणि एक गार असेल, तर तो गार म्हणजे मेलेला. ऊर्जा त्याने पचवलेलीच नाही. त्याच्या दांड्याशी तेलाचा ओशट काळा थर आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर शंकाच उरत नाही.

मग ॲक्सल. दोन्ही चाकं एकाच घट्ट दांड्यावर असतात, तेव्हा तो तराजूसारखा वागतो: डावं चाक दगडावर चढलं की उजवं खाली खड्ड्यात दाबलं जातं. सावकाश, वेड्यावाकड्या जागी हीच गोष्ट हवी असते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपापलं हलतं, त्यामुळे डांबरी रस्त्यावर गाडी नेमकी वळते आणि वेगात स्थिर राहते, पण चाकाची वर-खाली मुभा बहुधा कमी. 2020 च्या थारमध्ये पुढे स्वतंत्र आणि मागे घट्ट ॲक्सल अशी तडजोड आहे. जिम्नीला दोन्हीकडे घट्ट ॲक्सल आणि कॉइल. म्हणून किंमत, ताकद वगैरे बाजूला ठेवली तर दगडांच्या ओढ्यात जिम्नी तिच्या आकाराच्या मानाने भलतीच पुढे जाते.

भातखाचराचा बांध तिरका ओलांडताना हे अगदी जवळून दिसतं. पुढचं डावं चाक बांधावर, मागचं उजवं पलीकडच्या चढावर, आणि उरलेली दोन लोंबकळत. लोंबकळणारं चाक जमिनीपासून चार बोटं सुटलं की साधा डिफ्रेन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांत जोर वाटून वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, घात करतो. तो दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो आणि हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्यालाही मिळत नाही. एक चाक गरगरतं, चिखलाचं कारंजं उडतं आणि गाडी जागची हलत नाही. चार बोटं खाली उतरू शकणारं सस्पेन्शन असतं तर ही वेळच आली नसती. दुसरा उपाय डिफ्रेन्शियल लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारी कडी. फोर्सच्या ‘गुरखा’ गाडीला तो पुढे-मागे दोन्हीकडे मिळतो. ज्याच्या गाडीत लॉक आहे त्याने सस्पेन्शनवरचा बराच खर्च वाचवला असं समजावं.

आता त्या दोन इंचांकडे. घट्ट ॲक्सलच्या गाडीत सर्वांत खाली लोंबणारा भाग म्हणजे डिफ्रेन्शियलचा गोळा, आणि तो असतो ॲक्सलवर. स्प्रिंग उंच केल्याने चासी वर जाते, ॲक्सल नाही. गाडी दोन इंच उचलली तरी गोळा होता तिथेच. तो वर न्यायचा तर टायरच मोठे हवेत. लिफ्टचा खरा फायदा पोटाखाली होतो. बांधाच्या माथ्यावर गाडी टेकून अडकायची शक्यता कमी होते आणि मोठ्या टायरला मडगार्डमध्ये जागा मिळते. ते हवं असेल तर लिफ्ट जरूर करावी.

त्याची किंमतही बघावी. दोन्ही चाकांमधलं अंतर 1500 मिलिमीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 700 वर असेल, तर कागदावर ती 47 अंश कलल्यावर पडेल. लिफ्टने गुरुत्वमध्य 740 वर गेला की हा आकडा 45 च्या जवळ येतो. फरक दीडेक अंशाचा, घाबरण्यासारखा नाही. पण कललेल्या गाडीची खालच्या बाजूची स्प्रिंग दबते, टायर दबतो, टपावरच्या कॅरिअरमध्ये तंबू आणि पाण्याचे कॅन असतात, आणि प्रत्यक्षातला आकडा कागदापेक्षा बराच खाली येतो. शिवाय इंजिनचा जोर ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर झिजतात. पुढच्या चाकांचे कोन बदलतात, स्टिअरिंग सैल वाटतं. ब्रेकचे पाइप ताणले जातात. स्प्रिंगच्या वर नुसता ठोकळा घालून केलेल्या लिफ्टमध्ये तर शॉकअप जुन्याच लांबीचा राहतो आणि चाक खाली उतरायची मुभा उलट घटते.

नाशिक जिल्ह्यात गाडी कुठे फिरणार यावरही पुष्कळ अवलंबून. इगतपुरी-घोटीकडे पाऊस धो-धो, बांध, ओढे, दगड. तिथे मऊ स्प्रिंग, चाकाला भरपूर मुभा आणि चिवट शॉकअप. पेठ-सुरगाण्याच्या मुरमाच्या लांब रस्त्यांवर उष्णता झेलणारा, वायू भरलेला शॉकअप. निफाड-येवल्याच्या काळ्या मातीत, पाऊस पडून गेल्यावर, सस्पेन्शनचा विचारच सोडून द्यावा. ती माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि लाखाची यंत्रणाही गुमान बसते. तिथे टायरची जात बघावी, नाहीतर दुसरा दिवस उजाडेपर्यंत घरी थांबावं. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. सावकाश चालवायच्या रस्त्यावर हवा थोडी कमी केली तर टेकणारा पट्टा लांबतो आणि बारीक धक्के तिथेच विरतात. फुकटातलं याहून चांगलं सस्पेन्शन नाही. फक्त डांबरावर येताच हवा भरायला पंप जवळ हवा, आणि धारदार दगडांत टायरची कड जपायला हवी.

कायद्याचं कलमही आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच बाजू उचलून धरली. बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही विचारून घ्यावं. अपघातानंतर विचारून उपयोग नसतो.

आणि दुकानात जाण्याआधी वजनकाट्यावर जावं. बाजार समित्यांच्या आसपास तो हमखास सापडतो. सहलीला नेता ते सगळं सामान भरायचं, नेहमीची माणसं बसवायची, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची आणि मग सगळी गाडी. वजाबाकी केली की मागचा भार कळतो. मग हेच रिकाम्या गाडीचं. हाती चार आकडे येतात आणि स्प्रिंग निवडायला तेवढे पुरतात. हे आकडे पुढे केल्यावरही जो दुकानदार ‘किती इंच करायची?’ एवढंच विचारतो, त्याच्याकडून टायरची हवा तेवढी भरून घ्यावी.