हिवाळ्यात कॅक्टस सुरकुतला की लगेच पाणी घालू नका

डिसेंबर आला की घरातला कॅक्टस सुरकुततो आणि माणसं लगेच पाणी घालतात. थांबा, आधी कुंडीत तळापर्यंत काडी खुपसून बघा. काडीला ओली माती चिकटून आली आणि तरी झाड सुरकुतलेलं असेल तर पाणी आहे, बहुधा ते ओढणारी मुळंच कुजलीयेत.

असं का होतं? बहुतेक झाडांची पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, दिवसा उघडी असतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. कॅक्टसचं उलट, तो रंध्रं रात्री उघडतो. रात्री आत आलेला कार्बन डायऑक्साइड पेप कार्बॉक्सिलेज हे एन्झाइम पकडतं, त्याचं मॅलिक ॲसिड होऊन पेशींच्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे आतल्या पिशव्यांमध्ये, साठतं, आणि दिवसा उजेडात त्यातून तो परत सुटला की रुबिस्को हे दुसरं एन्झाइम त्याची साखर बनवायला घेतं, तेही रंध्रं बंद ठेवून! आपल्या पानफुटीतही हेच चालतं. बेंजामिन हायने या वनस्पतिशास्त्रज्ञांनी भारतात तिची पानं चाखून 1815 साली लिहून ठेवलं की सकाळी ती आंबट लागतात आणि दुपारी बेचव, म्हणजे रात्रभर साठलेलं ॲसिड त्यांना नुसत्या जिभेवरून कळलं होतं, मला हे फार भारी वाटतं.

आणि हो, 'कॅक्टस रात्री ऑक्सिजन देतो, बेडरूममध्ये ठेवा' हा फॉरवर्ड चुकीचा आहे. ऑक्सिजन पाणी फुटून निघतो आणि त्याला उजेड लागतो. रात्री फक्त कार्बन डायऑक्साइड आत घेतला जातो. काटेरी झाडाने घरात भांडणं होतात हेही तसंच बिनबुडाचं.

तर असं काटकसरी झाड, त्यात थंडी आणि खिडकीत कमी ऊन, वाढ जवळपास थांबलेली. माती आठवडेच्या आठवडे ओली राहते, कणांमधल्या हवेच्या जागी पाणी बसतं, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि मग बुरशी शिरते.

आता बुंधा दाबून बघा. तपकिरी पण कडक असेल तर ती वयाने आलेली साल, काळजी नको. मऊ, पाणचट लागला तर कूज. शेंडा फिका आणि बारीक होत चालला तर उजेड कमी पडतोय, कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर पिठ्या ढेकूण, ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

कूज असेल तर स्वच्छ सुरीने खालून वरच्या दिशेने थोडं थोडं कापत जा, कापलेल्या भागातल्या मधल्या कड्यावर एकही तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत. मग वरचा निरोगी तुकडा सावलीत काप पूर्ण वाळेपर्यंत ठेवा आणि कोरड्या जाड वाळूत लावा. पाणी मुळं फुटायला लागल्यावरच.