फ्लॅश ट्रिगर निवडण्यामागची पार्श्वभूमी : उजेडाचा इशारा की रेडिओचा

फ्लॅश ट्रिगर म्हणजे कॅमेऱ्यापासून लांब ठेवलेला फ्लॅश क्लिकसरशी पेटवणारं साधन. तारेचा जमाना सगळ्यांना माहितीये, कॅमेरा आणि फ्लॅश जोडणारी पीसी कॉर्ड पायात अडकायची आणि स्टँड पडायचा. मग फोटोसेलवाले स्लेव्ह आले, एक फ्लॅश चमकला की त्याचं बघून दुसरा चमकणार. डिजिटल टीटीएल (लेन्समधून आलेला उजेड मोजून कॅमेरा स्वतःच फ्लॅशची ताकद ठरवतो ती पद्धत) आल्यावर मात्र गडबड झाली, कारण टीटीएलवाला फ्लॅश मेन उजेडाच्या आधी एक प्री-फ्लॅश सोडतो, साधा स्लेव्ह त्यालाच खरा समजून आधीच पेटून जातो आणि फोटोत त्याचा उजेड येतच नाही. आजही बऱ्याच फ्लॅशवर एस१ आणि एस२ असे दोन मोड असतात ते त्याचमुळे, एस२ प्री-फ्लॅशकडे दुर्लक्ष करून मेन उजेडालाच पेटतो.

खरा वाद पुढचा आहे. कॅमेरा कंपन्यांनी वायरलेस टीटीएल आणलं तेव्हा रेडिओ न घेता उजेडाचाच इशारा घेतला. १९९० च्या दशकात हे सुरू झालं, २००३ ला एका मोठ्या जपानी कंपनीने त्याची अख्खी सिस्टिम काढली, काही कॅमेऱ्यांच्या पॉप-अप फ्लॅशवरूनच लांबच्या फ्लॅशचे ग्रुप सांभाळता यायचे. बाजू घेणारे म्हणतात की रेडिओला देशागणिक नियम वेगळे, उजेडाला लायसन लागत नाही. मुद्दा खोटा नाही, बाहेरचे रेडिओ ट्रिगर अमेरिकेत ३४४ आणि युरोपात ४३३ मेगाहर्ट्झ असे वेगवेगळे विकावे लागत होतेच. तरी माझ्या मते हा निर्णय चुकला, आणि आपल्या खान्देशाला तर फारच महाग पडला. युरोपातल्या ढगाळ दुपारी किंवा बंद हॉलमध्ये तो इशारा नीट पोचतो, पण धुळे-जळगावकडची लग्नसराई एप्रिल-मेची, हळद मोकळ्या अंगणात, वर ४४-४५ डिग्रीचं ऊन, तिथे त्या सेन्सरला इशारा दिसणार कसा? फ्लॅश सॉफ्टबॉक्सच्या (उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीच्या) आत किंवा मांडवाच्या खांबामागे गेला की विषयच संपला. म्हणून आपल्याकडे कित्येक वर्षं महागडे फ्लॅश कॅमेऱ्यावरच बसून राहिले आणि लाईटवाला पोऱ्या हॅलोजन धरून उभा राहिला.

वाट मोकळी केली ती स्वस्त चिनी ट्रिगरने. आधी ४३३ मेगाहर्ट्झवाले आले, नुसतं पेटवायचं काम, चार-चार चॅनल, शेजारच्या मांडवातल्या फोटोग्राफरचा चॅनल तोच असला की त्याच्या क्लिकला आपला फ्लॅश उडायचा. मग २.४ गीगाहर्ट्झ. हा पट्टा आपल्या देशात २००५ ला परवानामुक्त झाला. कॅमेरा कंपन्यांपैकी एकीने २०१२ ला फ्लॅशमध्येच रेडिओ दिला, १५ फ्लॅश आणि ३० मीटरपर्यंत, दुसरीने थेट २०१६ ला, तोवर चिनी ट्रिगरमध्ये टीटीएल आणि एचएसएस (हाय-स्पीड सिंक, खूप वेगवान शटरलाही फ्लॅश चालणं) दोन्ही येऊन गेलं होतं.

आपल्याकडे बघायचं ते एचएसएस. भर उन्हात आयएसओ १०० ला सिंक स्पीड (फ्लॅश नेहमीसारखा चालतो तो शटरचा कमाल वेग) १/२०० धरला तर अपर्चर एफ ११ च्या आसपास जातं, मागचं सगळं शार्प. एफ २.८ हवं तर शटर १/३२०० ला न्यावं लागतं, चार स्टॉपचा, म्हणजे उजेडात सोळा पट फरक, ते एचएसएसशिवाय होत नाही. त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते, म्हणून छोट्या फ्लॅशपेक्षा बॅटरीवाला मोठा लाईट बरा पडतो. टीटीएल लग्नाच्या धावपळीत कामाचं, एका जागी उभं राहून करायच्या शूटला मॅन्युअलच (ताकद हाताने ठरवणं) भारी, फोटोगणिक उजेड बदलत नाही.

२.४ मध्ये एक अडचण आहे, पाणी हे सिग्नल शोषून घेतं. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत प्री-वेडिंग करताना फ्लॅश दाट पानांच्या पलीकडे ठेवला तर तो मधूनच चुकतो, मोकळ्या सरीत किंवा उंच स्टँडवर ठेवा. आणि प्रत्येक कंपनीची रेडिओची भाषा वेगळी, त्यामुळे ट्रिगर घेताना पुढचे फ्लॅशही त्याच घरचे घ्यावे लागणार हे धरून चाला. कॅमेरा बदलला तर बहुतेक वेळा फक्त वरचा ट्रान्समीटर बदलतो, फ्लॅश तेच चालतात.

जुन्या स्टुडिओतले लाईट रिसिव्हरला (ट्रान्समीटरचा इशारा घेणाऱ्या भागाला) जोडणार असाल तर आधी मल्टीमीटरने लाईटच्या सिंक सॉकेटवरचं व्होल्टेज मोजा. काही जुने लाईट २०० व्होल्टच्या वर देतात, रिसिव्हर जळू शकतो.