लहान संकरित कुत्र्याचा सांभाळ (कोल्हापूर)

लहान संकरित कुत्रा : साधारण ४ ते १० किलो वजनाचा, कोणत्याही एका जातीत न बसणारा आणि घरात माणसांबरोबरच राहणारा कुत्रा. कोल्हापुरात त्याला ‘पॉम क्रॉस’ किंवा नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. १९८०-९०च्या दशकांत भारतभर पसरलेला पांढरा इंडियन स्पिट्झ आणि गल्लीतले गावठी कुत्रे यांचे मिश्रण त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत दिसते : शेपटी झुपकेदार आणि पाठीवर वळलेली, अंगाचा रंग मात्र गावठी तांबूस. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाचे नाव झाले ते कारवानी या शिकारी जातीच्या कुत्र्यामुळे. राजारामपुरी-शाहूपुरीच्या फ्लॅटांत मात्र राज्य या छोट्याचेच आहे.

आहार : सांभाळातला निम्मा घोळ स्वयंपाकघरातच होतो. मटणाच्या दिवशी कुत्रे गॅसपासून हलत नाही आणि कुणाच्या तरी हातून ताटातले काहीतरी खाली जातेच. तांबड्या रश्श्यात कांदा-लसूण चटणी असते म्हणून तो कुणी देत नाही. पण अळणी किंवा पांढरा रस्सा तिखट नाही, तेव्हा तो चालतो, असा समज आहे. तो चुकीचा आहे. अळणीतले मटणही बहुतेक घरांत कांदा, आले-लसूण लावूनच शिजते. कांदा-लसणातील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात आणि शिजवल्याने किंवा वाळवल्यानेही ते जात नाहीत. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा त्रासाला पुरतो, म्हणजे ६ किलोच्या कुत्र्याला ३० ग्रॅम. मध्यम आकाराचा अर्धा कांदाही नव्हे. लसूण त्याहून तीव्र. लक्षणे त्याच दिवशी दिसतीलच असे नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी तांबूस-तपकिरी होते, कुत्रे जिना चढताना थांबते. तोवर रविवारचा रस्सा घरात कुणाला आठवतही नसतो. म्हणून मटणाला कांदा-लसूण लावण्याआधीच चार बोटी बाजूला काढून त्या नुसत्या पाण्यात, मिठाविना शिजवाव्यात. शिजलेले हाड देऊ नये. त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात. मनुके, द्राक्षे आणि चॉकलेटही वर्ज्य.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचे धारोष्ण म्हशीचे दूध पैलवानाला मानवते, दोन महिन्यांच्या पिलाला नाही. त्यातली चरबी आणि दुग्धशर्करा न पचल्याने जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवातले पाणी एका रात्रीत कमी होते. लहान पिलू फार वेळ उपाशी राहिले तर रक्तातील साखर उतरून थरथरते, लुळे पडते. म्हणून तीन महिन्यांपर्यंत त्याला दिवसातून चार वेळा थोडे थोडे खायला द्यावे. मोठेपणी काळजी उलटी असते. ६ किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ४०० कॅलरी पुरतात आणि एका चपातीत जवळपास १०० असतात. आजी, नातू आणि वहिनी यांनी एकमेकांच्या नकळत एकेक चपाती घातली की बाकीचे जेवण फक्त वजन वाढवते.

पावसाळा : जून ते सप्टेंबर हा या कुत्र्याचा कठीण काळ. स्पिट्झच्या वळणाच्या अंगावर दुहेरी केस असतात. वरचे कोरडे दिसले तरी आतली लव ओलीच राहते आणि तिथे कातडी चिघळते. फिरून आल्यावर पोट, काखा आणि बोटांच्या बेचक्या पंच्याने टिपाव्यात. हे केस उन्हाळ्यात मुळापासून भादरण्याची रीत मात्र सोडावी, कारण तेच उन्हापासूनही आडोसा देतात. गोचीड कानाच्या पाळीत आणि बेचक्यांत दडते. ताप, सुस्ती, नाकातून रक्त दिसल्यास गोचीडतापाची रक्ततपासणी करावी. म्हशींच्या गोठ्यातले गोचीडनाशक चार थेंब जास्त पाणी घालून कुत्र्याला लावणारे लोक आहेत. कुत्रे अंग चाटते आणि विषबाधा होते. औषध कुत्र्यांसाठीचे आणि वजनाप्रमाणेच हवे. उसाच्या बांधावर फिरणाऱ्याच्या कानात आणि पंजात कुसळे शिरतात, तीही रोज पाहावीत.

शरीर : लहान जबड्यातही मोठ्या कुत्र्याइतकेच ४२ दात असतात. ते दाटीने बसतात, मध्ये अन्न अडकते आणि तोंडाला वास येतो. कुत्र्यांची पेस्ट व मऊ ब्रश वापरावा. माणसांची पेस्ट नको. चालता चालता मागचा एक पाय उचलून तीन पायांवर दोन उड्या मारणे आणि पुन्हा नीट चालू लागणे ही गंमत नसून गुडघ्याची वाटी सरकल्याची खूण असते. पट्टा ओढला की बदकासारखा खोकला येत असेल, तर श्वासनलिका कमकुवत आहे. गळपट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस घालावा. मादी मोठ्या नरापासून गाभण राहिल्यास पिलू अडण्याचा धोका असतो, आणि नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात उतारवयात पू होऊ शकतो. नसबंदीबद्दल घरातल्या ज्येष्ठांचा ‘एकदा तरी पिल्ली होऊ द्या’ हा आग्रह वैद्यकीयदृष्ट्या निराधार आहे.

पार्व्हो आणि डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून, रेबीजची तीन महिन्यांनंतर, पुढे डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. कुत्रे घरातले असो वा गल्लीतले, चावल्यास जखम साबण लावून १५ मिनिटे वाहत्या पाण्यात धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा.

आवाज : महाद्वार रोड ते गंगावेस या विसर्जन मार्गावर राहणाऱ्यांनी मिरवणुकीच्या रात्री कुत्रे नातेवाइकांकडे नेणे उत्तम. तसे नसेल तर आतली खोली, बंद खिडक्या आणि पलंगाखालची जागा मोकळी ठेवावी. लपलेल्याला ओढून बाहेर काढू नये. फारच घाबरणाऱ्याला डॉक्टरांना आधीच विचारून औषध द्यावे.

पूर : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये नदीने दोन्ही पातळ्या कितीतरी ओलांडल्या. सखल भागातल्या घरांनी पाणी ३९ फुटांवर येण्याची वाट न पाहता पिंजरा-पिशवी, लसीची पुस्तिका, चार दिवसांचे खाणे आणि नाव-फोन लिहिलेला पट्टा तयार ठेवावा. पिशवीत बसायची सवय मात्र उन्हाळ्यातच लावावी लागते.