कांद्यावरच्या काळ्या बुरशीने म्युकर होत नाही

२०२१ च्या कोरोना लाटेत एक मेसेज फिरला होता, कांद्याच्या सालीखालची काळी पावडर आणि फ्रिजच्या रबराला लागलेला काळा थर म्हणजेच ब्लॅक फंगस, पोटात गेली की डोळा जातो. अजूनही घरोघरी हे ऐकू येतं म्हणून लिहितेय.

कांद्यावर असते ती अ‍ॅस्परजिलस नायजर, वेगळीच बुरशी. ज्याला ब्लॅक फंगस म्हणतात तो म्युकरमायकोसिस, म्हणजे म्युकर हा आजार, होतो तो बहुतेकदा रायझोपस आणि तिच्या भाईबंदांमुळे, आणि गंमत नाही, खरंच सांगते, ती बुरशी काळी नसतेच. ती रक्तवाहिन्यांत घुसते, रक्तपुरवठा तुटतो आणि मेलेला भाग काळा पडतो, नाव तिथून आलं.

तिचे बीजाणू, म्हणजे बियांसारखे बारीक कण, हवेत, मातीत असतातच, आपण रोज श्वासातून घेतो. आपल्या शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात पण बीजाणूच्या कवचातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य पेशीची पचवायची यंत्रणा अडवून धरतं, त्यामुळे तो मरत नाही, नुसता दबून राहतो, लोह मिळत नाही म्हणून रुजत नाही. आता शुगर खूप वाढून रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह सुटतं आणि हेच लोह बुरशीचं खाद्य, वर स्टेरॉइडने पांढऱ्या पेशी ढिल्या पडलेल्या, मग ती पसरते. म्हणून त्या वेळी डायबेटिसवाले एवढे सापडले, कांदा खाणारे म्हणून नाही. माणसाकडून माणसालाही लागत नाही.

कांद्याचा काळा पापुद्रा धुऊन काढून टाका. पण शुगरवाल्या माणसाचा एका बाजूचा चेहरा सुजला, दुखला, नाकातून काळपट पाणी आलं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या.