सतारीशेजारी तबला कधी बसला?

पखवाज मधोमध कापून अमीर खुस्रोने तबला केला, ही गोष्ट संगीताच्या वर्गांत अजून सांगितली जाते. खुस्रो १३२५ साली वारला. तबला आणि सतार या दोन्हींचा खात्रीचा माग मात्र अठराव्या शतकातल्या दिल्लीत लागतो, मुहम्मदशाह रंगीलेच्या कारकिर्दीच्या (१७१९–१७४८) आसपास. आपल्याकडे भाजे लेण्यांतली उभी जोडवाद्यं वाजवणारी स्त्री दाखवून तबला थेट तिथवर नेतात. पण दगडावरून शाई, म्हणजे चामड्यावरचा काळा लेपाचा गोल, कळत नाही, आणि शाईशिवाय तबला कसला?

त्याआधी बीनेसोबत (रुद्रवीणेसोबत) पखवाज असे. सुरबहारावरच्या, म्हणजे खर्जातल्या मोठ्या सतारीवरच्या, ध्रुपद अंगालाही पुढे तोच राहिला. पखवाजाची थाप खुली, पंजाची. डाव्या तोंडाला कणीक लावलेली. सतारीचा आवाज त्याखाली बुडायचा. दिल्लीचा तबला मुख्यतः दोन बोटांनी, चाटेवर (चामड्याच्या कडेवर), बंद वाजतो. त्याच्या नेमक्या, छोट्या बोलांतून मिजराबेचे (बोटातल्या तारेच्या नखीचे) ‘दा’ आणि ‘रा’ हे आघात वेगळे ऐकू येतात.

खरी सांगड बसली ती गतीमुळे, म्हणजे सतारीवरच्या तालबद्ध बंदिशीमुळे. ध्रुपदात पखवाजिया सतत परणी (बोलांच्या बांधीव रचना) गुंफत गायकाबरोबर धावतो. सतारीच्या गतीत मात्र एकाने जागा धरायची, दुसऱ्याने फिरायचं: सतारिया तोडे (स्वरांच्या फिरती) घेत असताना तबला ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, देतो, तबलजी उठाण घेऊन स्वतः वाजवू लागतो तेव्हा सतार गत धरून बसते. मसीतखानी गतीचा साचाच बघा. सोळा मात्रांच्या तीनतालात बाराव्या मात्रेवरून ‘दिर दा दिर दा रा’ उचलायचं आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, ‘दा दा रा’. ‘खाली’, म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात दाखवायची जागा, नवव्या मात्रेवर. त्या भागात डग्ग्याचा (डाव्या हाताच्या तबल्याचा) घुमारा थांबतो आणि खालीनंतर तीन मात्रांनी मुखडा, म्हणजे गतीची ती उचल, येतो. ठेक्यातली खाली पुसट झाली की सतारियाचा हिशेब चुकलाच म्हणून समजा. लखनौकडच्या द्रुत रजाखानी गतीला पूरबचा, म्हणजे पूर्वेकडच्या घराण्यांचा, मोकळा बाज (वादनशैली) मानवला.

सतारीवर तीनतालाची सद्दी फार काळ टिकली. रूपक (७ मात्रा), झपताल (१०) यांसारखे ताल सतारीच्या मैफलीत रुळवण्यात आणि तबल्याला भरपूर मोकळीक देण्यात रविशंकरांचा वाटा मोठा. तबलजी चतुरलाल आणि मग अल्लारखाँ त्यांच्या साथीला परदेशांत गेले. १९६७ च्या अमेरिकेतल्या माँटेरे महोत्सवात अल्लारखाँच होते.

आता स्वराचं. सतारीचा षड्ज बहुधा पेटीची काळी एक, सतारिये विलायतखाँ यांच्या पद्धतीत पांढरी दोन. त्यासाठी साधारण सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा दाया (उजव्या हाताचा तबला) लागतो. शाईचा भार मधोमध असल्याने चामड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येतात (भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये हे मांडलं), म्हणून ‘ना’ या बोलाला ठाम स्वर असतो. तो जरा जरी हलला तरी षड्जाच्या तरफा (सतारीच्या आपोआप झंकारणाऱ्या तारा) त्याच्याशी भांडतात आणि नाद गढूळ होतो.

रंगमंचावरच्या दिव्यांनी पुडी (तबल्याचं चामडं) सुकते, चढते. तारा तापून उतरतात. म्हणजे दोघं उलट्या दिशांना सरकतात. दमट हवेत पुडी ढिली पडते. मोठा फरक वादीखालच्या आठ लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी मारून काढायचा, थोडका पुडीच्या विणलेल्या कडेवर (गजऱ्यावर), कडेची सोळाही घरं समोरासमोर तपासत. आलाप-जोड (तबल्याविना आधीचं वादन) चाळीस मिनिटं चालला तर आधी जुळवलेला तबला गतीला कामाचा नसतो. ‘झाला’ हा आलापीचा द्रुत शेवट संपल्यावर तो पुन्हा लावावाच लागतो.