ओझूचा कॅमेरा खरंच हलत नाही?

जपानी चित्रपट दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "त्याचा कॅमेरा कधी हलतच नाही." १९५८ पासूनच्या त्याच्या सहा रंगीत चित्रपटांपुरतं हे बरोबर आहे. आधीच्या कृष्णधवल चित्रपटांना मात्र ते लावू नये.

'टोकियो स्टोरी' (१९५३) घ्या. मुलांकडे आलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांना शहरात बसायलाही हक्काची जागा उरत नाही. उएनो भागात कॅमेरा एका भिंतीच्या कडेने सावकाश सरकत जातो आणि बाहेर बसलेले ते दोघं दिसतात. एरवी सगळं स्थिर असल्यामुळे ही छोटीशी हालचाल काळजाला भिडते. 'अर्ली समर' (१९५१) मध्ये तर चक्क क्रेन वापरली आहे: नणंद-भावजय समुद्रकाठची वाळूची टेकडी चढतात आणि कॅमेराही त्यांच्यासोबत वर जातो. १९३० च्या दशकातल्या मूकपटांत तर असे सरकते शॉट भरपूर आहेत.

दुसरा समज असा की कॅमेऱ्याची उंची म्हणजे तातामी या जपानी चटईवर बसलेल्या माणसाची नजर. प्रत्यक्षात तो बहुतेकदा त्याहूनही खाली असतो, आणि खुर्च्या-टेबलांच्या कचेरीत, रेल्वेच्या फलाटावरही तसाच खाली राहतो. तिथे चटईचा काय संबंध? माझ्या मते ती चौकटीची निवड आहे, 'जपानी बैठक' म्हणून तिची बोळवण करणं हा ओझूच्या कारागिरीवर अन्याय आहे.